आज कुठे अडलं?

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षातलं मूल घरात असलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये घराची हवाच बदलते. गेटची परीक्षा होऊन गेलेली असते. कॉलेजात कंपन्या येऊन गेलेल्या असतात. एखाद्या आयटी कंपनीचं ऑफर लेटरही हातात असतं. ऑफिस ऐरोलीला नाहीतर महापेला, म्हणजे घरून ये-जा, घरचा डबा. आपण मनातल्या मनात हिशेब मांडून मोकळे होतो. आणि अशातच एका रात्री जेवता जेवता मूल म्हणतं, "मला रोबोटिक्समध्ये एमटेक करायचंय."

मग आपण जे बोलतो ते जवळजवळ सगळ्या घरांत सारखंच असतं. "अजून दोन वर्षं?" "त्याला स्कोप आहे का?" "हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं?" मुलगी असेल तर आणखी एक प्रश्न येतो. तो बहुतेक वेळा आपण विचारत नाही, आत्या नाहीतर मावशी विचारते. आपण तिथे नुसते गप्प बसतो, आणि आपलं ते गप्प बसणं मुलगी विसरत नाही.

माझी लेक सध्या याच विषयात एमटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वसतिगृहात राहते. म्हणून वाटलं, या वाटेला लागलेल्या किंवा लागू पाहणाऱ्या मुलांच्या आई-बाबांशी थोडं मोकळं बोलावं.

सगळ्यात आधी एक गोष्ट. आपल्याला भीती वाटते यात काही चूक नाही. नवी मुंबईतली आपली पिढी बघा. कुणी साताऱ्याहून आलं, कुणी सांगलीहून, कुणी कोकणातून. सिडकोच्या घराचे हप्ते फेडले, हार्बरच्या गाडीत उभ्याने वर्षं काढली. एक तारखेला खात्यात पडणारा पगार ही आपल्याला साधी गोष्ट कधीच वाटली नाही, कारण त्याच पगारावर घर उभं राहिलं. ज्याने हे पाहिलंय, त्याला मुलाने समोर आलेला पगार नाकारणं झेपत नाही. पोटात गोळा येतोच. मुलांना हे सांगावंसुद्धा. "मला भीती वाटते" हे वाक्य "त्याला स्कोप नाही" यापेक्षा खरं असतं, आणि मुलांना ते पटतंही लवकर.

दुसरी अडचण अशी की हा विषय आपल्याला मुळात माहीतच नसतो. रोबो म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शाळेतल्या सुट्टीच्या शिबिरातली चाकांची गाडी येते, काळ्या रेघेवरून चालणारी. ती बघून आपण टाळ्या वाजवलेल्या असतात. मग वाटतं, तेव्हाही गाडी आणि आता एमटेकलाही गाडीच?

तुम्ही २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ आठवून बघा. चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्रावर उतरत होता आणि आपण सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. उतरण्याची ती शेवटची सुमारे १९ मिनिटं बंगळुरूमधून कुणीही यान चालवत नव्हतं. चंद्रापर्यंत संदेश जायलाच सव्वा सेकंदाहून जास्त लागतो, उत्तर यायला तेवढाच वेळ. इतक्यात यान आदळून मोकळं होईल. म्हणून उंची किती, वेग किती, खाली खड्डा आहे की सपाट जागा, हे यानाने स्वतःच बघितलं आणि स्वतःच ठरवलं. आपली मुलं ज्याला ऑटोनॉमस सिस्टीम म्हणतात ती हीच. बघायचं, ठरवायचं, हालचाल करायची, आणि हे सगळं माणसाला न विचारता, पण माणसाने आधी नीट विचार करून ठेवलेलं.

त्याआधीचा विक्रम ७ सप्टेंबर २०१९ ला कोसळला होता. तेव्हा इस्रोच्या अध्यक्षांच्या डोळ्यांत आलेलं पाणी आपण पाहिलं. मधल्या चार वर्षांत तिथल्या लोकांनी काय काय बिघडू शकतं ते एकेक करून शोधलं आणि नवं यान त्यावर बेतलं. ही चार वर्षं टीव्हीवर दिसली नाहीत. आपल्या मुलांचं एमटेक बरंचसं अशा न दिसणाऱ्या दिवसांचंच असतं.

हे सगळं फार लांबचं वाटत असेल तर आपल्या गावातलंच सांगते. महापेच्या एमआयडीसीत आयडियाफोर्ज नावाची ड्रोन बनवणारी कंपनी आहे. आयआयटी मुंबईत शिकलेल्या मुलांनी ती २००७ साली सुरू केली. 'थ्री इडियट्स' सिनेमातला तो उडणारा कॅमेरा याच मंडळींनी पुरवला होता. सिनेमा आला २००९ मध्ये, आणि कंपनी शेअर बाजारात आली २०२३ मध्ये. मधली वर्षं मोजून बघा. त्या काळात त्यांच्या घरच्यांनाही कुणीतरी विचारलं असेलच, पोरगा नक्की करतो काय म्हणून.

पामबीच रोडवरून जाताना खाडीपलीकडे ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, म्हणजे बीएआरसीत, दूरहस्तन आणि रोबोटिक्सचा स्वतंत्र विभाग आहे. किरणोत्सर्गी वस्तूंना माणसाने हात लावायचा नसतो, म्हणून जाड भिंतीच्या अलीकडे माणूस आणि पलीकडे त्याच्या हाताबरहुकूम चालणारा यांत्रिक हात. आपल्या वाशी-खारघरच्या कित्येक सोसायट्यांत बीएआरसीची माणसं राहतात. मूल या विषयाबद्दल बोलायला लागलं तर अशा एखाद्या काकांशी त्याची गाठ घालून द्या. दहा व्हिडिओ बघून जे कळत नाही ते अर्ध्या तासाच्या चहात कळतं.

आता मूल एमटेकला गेल्यावर काय होतं ते सांगते, कारण खरं हितगुज त्याबद्दलच करायचंय.

पहिल्या सहा महिन्यांत मुलं हबकतात. इंजिनीअरिंगच्या वर्गात आपलं लेकरू पुढच्या चार-पाचांत असतं. इथे सगळेच तसे. त्यात हा विषय तीन शाखांच्या सांध्यावरचा. मेकॅनिकलवरून आलेल्या मुलाला कोडिंगची धास्ती, कॉम्प्युटरवाल्याला मोटर का तापते ते कळत नाही, इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला गतीची समीकरणं परकी वाटतात. वरून गणित सगळ्यांनाच: मॅट्रिक्स, संभाव्यता, कंट्रोल. पहिल्या परीक्षेत कमी मार्क पडतात आणि मुलाला वाटायला लागतं की आपला प्रवेशच चुकून झालाय. फोनवर ते हे सांगत नाही. आवाजात मात्र येतं.

दुसरं वर्ष थेसिसचं. तिथली व्यथा निराळीच. कॉम्प्युटरच्या पडद्यावर, म्हणजे सिम्युलेशनमध्ये, रोबो झकास चालतो. वळतो, खुर्ची टाळतो, दारातून जातो. तोच प्रोग्रॅम खऱ्या रोबोत घातला की तो भिंतीवर जाऊन आदळतो. फरशी गुळगुळीत म्हणून चाक घसरलं. दुपारचं ऊन खिडकीतून आलं म्हणून कॅमेऱ्याला दिसेनासं झालं. बॅटरी उतरली, वायर सैल झाली. सगळं नीट होऊन मंगळवारी रोबो चालतो आणि शुक्रवारी सर बघायला आले की जागचा हलत नाही. लेक म्हणाली, "आई, यात कुणाचीच चूक नसते, तेच जास्त छळतं."

आणि अशा दिवशी रात्री आपला फोन जातो. "जेवलीस का? झालं का काम? चालला का रोबो? सर काय म्हणाले? प्लेसमेंट कधी सुरू होणार?"

एकही प्रश्न वाईट हेतूचा नाही. आपण ऑफिसमधून आलेलो असतो, कुकरच्या शिट्ट्या मोजत एका कानाला फोन धरलेला असतो, पाच मिनिटांत लेकराची सगळी खबर हवी असते. पण बघा, जेवणाचा सोडला तर बाकीचे सगळे प्रश्न निकालाचे आहेत. ज्या कामात महिनोन् महिने निकालच नसतो, तिथे रोज निकाल विचारला की मूल "चाललंय" एवढं म्हणून विषय बंद करतं. ते काही लपवत नसतं. रोज "नाही" म्हणायचा कंटाळा येतो माणसाला.

आमच्याकडे एक प्रश्न कामाला आला, तो तुम्हालाही देते. "आज कुठे अडलं?"

या प्रश्नात अडणं धरूनच चाललेलं असतं, त्यामुळे मुलाला मान खाली घालावी लागत नाही. सुरुवातीला उत्तर तुटक येतं. "सेन्सर गंडतोय." "मग?" "मग काय, उद्या बघू." हळूहळू वाक्यं लांबतात. मात्र एक पथ्य आहे, आणि ते पाळणं मला अजून जड जातं: उपाय सुचवायचा नाही. "मग सरांना सांग ना," "मग दुसरा विकत आण ना," हे ओठांवर येतं, ते गिळायचं. त्या वयाच्या मुलाला आपल्याकडून सेन्सरचा इलाज नको असतो. दिवस फुकट गेला तरी घरात आपली किंमत तेवढीच आहे, हे त्याला ऐकायचं असतं, तेही न बोलता.

आणि सुट्टीत घरी आलं की विषय समजावून सांगायला लावा. आपल्याला गणित कळणार नाही, हरकत नाही. मी लेकीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, रोबोला 'मी आत्ता कुठे आहे' हे कळणं हेच अर्धं काम. चाकं किती फिरली यावरून एक अंदाज निघतो, पण चाक घसरतं. कॅमेरा दुसरं सांगतो, पण उजेडाने तो फसतो. प्रत्येक जण थोडं खोटं बोलतो. मग म्हणाली, "नेरूळ स्टेशनवर तू काय करतेस? इंडिकेटर म्हणतो गाडी दोन मिनिटांत, घोषणा म्हणते उशिरा आहे, शेजारची बाई म्हणते आत्ताच गेली. रोजच्या अनुभवाने कुणावर किती भरवसा ठेवायचा ते ठरवून तू अंदाज बांधतेस ना? तेच गणितात करायचं." त्या रीतीला कालमन फिल्टर म्हणतात. रुडॉल्फ कालमन यांनी ती १९६० मध्ये मांडली आणि चंद्रावर माणसं नेणाऱ्या अपोलो यानांना वाट दाखवायलाही ती वापरली गेली. हे सांगताना लेकीचा चेहरा फुलला होता. कित्येक महिन्यांत फोनवर तसा आवाज मी ऐकला नव्हता.

आता पैशांचं. हा विषय आपण मुलांपासून दडवतो आणि मुलं आपल्यापासून. बरोबरीचा मित्र नोकरीला लागलेला असतो, त्याचे गोव्याचे फोटो येत असतात. आपल्या मुलाला गेटमधून प्रवेश मिळाला असेल तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावृत्ती मिळते. वयाच्या तेविसाव्या वर्षी घरी पैसे मागायची लाज मुलांना खोल कुठेतरी टोचत असते. अशा वेळी शेजारच्या मुलाच्या पॅकेजचा उल्लेख, सहज म्हणून केलेला, फार लागतो. त्यापेक्षा वहीपेन घेऊन एकदा एकत्र बसा. दोन वर्षांचा खर्च किती, आपण किती देऊ शकतो, किती नाही, सगळं मांडा. "काळजी करू नकोस, आम्ही आहोत" हे म्हणायला गोड आहे, पण आकडा कळला की मुलं जास्त निर्धास्त होतात.

घाईचं दडपणही जरा कमी करता येतं. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. मन द्विधा असेल तर एक वर्ष नोकरी करून मग प्रवेश घेता येतो, आणि वर्षभर कारखान्यात नाहीतर ऑफिसात काढलेलं मूल पुढे काय शिकायचं ते जास्त ठामपणे सांगतं. परदेशी जायचं असेल तर हिशेब वेगळा. जर्मनीत बऱ्याच सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, पण व्हिसासाठी वर्षाच्या राहण्या-जेवणाचे पैसे आधीच एका बंद खात्यात दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो होती. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात वजावट मिळते, फक्त जुन्या करपद्धतीत. असे आकडे बदलत असतात, तेव्हा अर्ज भरायच्या आठवड्यात पुन्हा बघा.

कुठे शिकायचं हे मूलच ठरवेल. आपण एवढंच सुचवावं की अभ्यासक्रमाच्या नावावर जाऊ नको. बंगळुरूच्या आयआयएससीत रोबोटिक्स अँड ऑटोनॉमस सिस्टीम्स याच नावाचं एमटेक आहे, दिल्लीच्या आयआयटीतही रोबोटिक्सचं आहे. पण पवईच्या आयआयटीत सिस्टीम्स अँड कंट्रोल नावाने जे शिकवतात, ते या विषयाचं थेट काळीजच आहे. उलट काही ठिकाणी पाटीवर रोबोटिक्स आणि लॅबमध्ये कुलूपबंद दोन यंत्रं. तिथे शिकत असलेल्या मुलांशी बोलायला सांगा: लॅब रात्री उघडी असते का, सर भेटतात का, गेल्या वर्षीच्या मुलांनी थेसिस कशावर केला. पॅकेज काय मिळालं हा प्रश्न मुलं नाहीतरी विचारणारच आहेत.

एक आठवण या विषयातल्या लोकांकडून ऐकलेली सांगते. रोबोकॉन ही आशिया-पॅसिफिक देशांतल्या कॉलेजच्या मुलांची स्पर्धा. २००८ मध्ये ती पुण्यात झाली तेव्हा खेळ दहीहंडीवर बेतलेला होता. २०१४ मध्ये पुन्हा पुण्यात झाली, आणि विषय काय होता? पालकत्वाला सलाम. प्रत्येक संघाचे दोन रोबो, एक पालक, एक मूल. पालक-रोबो विद्यार्थ्यांनी हाताने चालवायचा. मूल-रोबो मात्र स्वयंचलित. पालकाने मुलाला सी-सॉवर न्यायचं, झोक्यावर बसवून झोका द्यायचा. शेवटच्या जंगल जिमवर मुलाने स्वतः चढायचं. हा खेळ ज्यांनी आखला त्यांच्या घरात नक्की लहान मुलं असणार, असं मला वाटतं.

आता थोडं अवघड बोलते. 'थ्री इडियट्स'मध्ये त्या उडत्या कॅमेऱ्यातून खिडकीत जे दिसतं, ते आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नाही. ज्या मुलाचा तो प्रकल्प होता त्याला आणखी थोडी मुदत हवी होती. सिनेमा म्हणून आपण पुढे जातो, पण थेसिसच्या काळात मूल फोन उचलेनासं झालं, रात्र रात्र जागं राहू लागलं, जेवणाबद्दलही धड उत्तर देईनासं झालं, तर "अभ्यासाचा ताण असेल" म्हणून सोडून देऊ नका. गाडीत बसा आणि जा. न सांगता गेलात तरी चालेल. सोबत डबा न्या, अभ्यासाचं काही काढू नका. संस्थांमध्ये समुपदेशक असतात. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर रात्रंदिवस चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. हा नंबर मुलाला पाठवाच, आपल्या फोनमध्येही ठेवा, कारण कधी कधी बोलायची गरज आपल्यालाच असते.

आणि मूल म्हणालं की हे नकोच, सोडायचंय, तर? लगेच होही म्हणू नका, नाहीही म्हणू नका. विषय नकोसा झालाय की ती लॅब, की ती माणसं, की नुसती झोप झालेली नाही, हे वेगळं करायला आठवडाभर घरी येऊ द्या. त्या आठवड्यात सोसायटीतल्या कुणी विचारलं, "काय, सुट्टी लागली वाटतं?" तर "हो, आली आहे चार दिवस" एवढं उत्तर पुरतं. सगळ्यांना सगळं सांगायचं काही बंधन नाही आपल्यावर.

अजून निर्णय झालेला नसेल, घरात नुसतीच चर्चा आणि धुसफूस चालू असेल, तर एक करा. डिसेंबरात पवईला आयआयटीचा टेकफेस्ट असतो. देशोदेशीचे रोबो तिथे बघायला मिळतात आणि कॉलेजच्या मुलांच्या स्पर्धाही असतात. मूल आपल्याला घेऊन फिरेल, काय काय दाखवेल, आपण विचारत राहायचं. एखादा रोबो मैदानातच बंद पडेल, पोरं पळत जाऊन उघडतील, पेचकस फिरवतील, पुन्हा सुरू करतील. तेवढा वेळ तिथेच उभे राहा आणि आपल्या मुलाकडे बघा. आधी नोंदणी करावी लागते, ती मुलांवर सोपवा. गाडी नेऊ नका, पार्किंगमध्ये दिवस जाईल. ऐरोली-घणसोलीकडच्यांनी ठाण्याला गाडी बदलून कांजूरमार्गला उतरावं, तिथून रिक्षा मिळते. आणि सोबत पाण्याची बाटली घ्या, चालणं बरंच होतं.